टाळे मालकाचे, बदनामी कामगारांची



गेल्या आठवड्यात आपल्या वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची बातमी वाचली. शीर्षकात 'संप', मजकुरात तीनदा 'स्ट्राइक' आणि अगदी तळाला, जिथवर सहसा कोणी वाचत नाही तिथे, 'व्यवस्थापनाने फाटकावर नोटीस लावून पहिल्या पाळीच्या कामगारांना आत घेतले नाही' असे एक वाक्य. अहो, मग संप केला कुणी? डबे घेऊन फाटकाबाहेर ताटकळलेल्यांनी?

कामगार काम करायला नकार देतात तो संप. कामगार दारात उभे असताना मालक काम देत नाही ती टाळेबंदी, म्हणजे लॉकआउट. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात दोहोंच्या व्याख्या वेगळ्या होत्या आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही वेगळ्याच आहेत. वार्ताहराने कायदा वाचावा अशी माझी अपेक्षा नाही, पण कुलूप कोणत्या बाजूने लागले आहे एवढे तरी बघावे!

मी नोकरीभर टाइम ऑफिसात मस्टर सांभाळले. 'संप' असा शेरा पडला की त्या दिवसाचा पगार गेला, 'काम नाही, दाम नाही'. टाळेबंदी बेकायदा ठरली तर त्याच दिवसांचा पगार मालकाच्या गळ्यात पडतो. म्हणून कामगार न्यायालयात वकील त्या शेऱ्यावरच तासन् तास भांडतात. तेवढे भांडण आपल्या उपसंपादकाने एका शीर्षकात मालकाच्या बाजूने मिटवून टाकले. चाळीतला वाणी न्यायालयाची वाट बघत नाही. तो पेपर वाचतो आणि 'संपावर आहात ना, मग आता रोख द्या' म्हणतो.

यात आणखी घोळ २०२० साली झाला. लॉकडाऊन आला आणि तमाम मराठी वर्तमानपत्रांनी त्याला टाळेबंदी म्हणायला सुरुवात केली. सरकारने लोकांना घरात बसवले त्याला टाळेबंदी, मग मालकाने कामगारांना रस्त्यावर बसवले त्याला काय म्हणायचे? आज तिशीतल्या माणसांना टाळेबंदी म्हटले की करोना आठवतो. त्यांच्या तोंडी स्ट्राइकही क्रिकेटमधल्या स्ट्राइक रेटचा नाहीतर यूट्यूबवरच्या कॉपीराइटचा. त्यांना दोष देत नाही. पण बातमी लिहिणाऱ्याचे तसे कसे चालेल?

टाळेबंदीला संप म्हणणे काही आजचेच नाही. २९ ऑगस्ट २०११ ला मारुतीच्या मानेसर कारखान्यात कामगार पाळीवर आले, तर आधी सद्वर्तनाच्या हमीपत्रावर सही करा, मगच आत जा, असे त्यांना सांगण्यात आले. बहुसंख्यांनी सही केली नाही, ते महिनाभर बाहेर राहिले. कामगार 'लॉकआउट, लॉकआउट' म्हणून ओरडत होते. आजही ते प्रकरण 'मारुती स्ट्राइक' म्हणूनच सांगितले जाते. आणि आपल्या मुंबईचे? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तो संपच होता, कबूल. पण पुढे कामावर परतायला आलेल्या हजारोंना गिरण्यांनी घेतलेच नाही, कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत, त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. ते सगळे आपण संपाच्याच खात्यावर मांडतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही.

कामगारांना मात्र शब्दाची किंमत बरोबर कळते. २०२१ मध्ये एसटीचा संप बेकायदा ठरवला गेला, तेव्हा कर्मचारी म्हणू लागले की आम्ही संपावर नाही, आत्महत्या केलेल्या सहकाऱ्यांच्या दुखवट्यात आहोत. त्याला लोक हसले. मार्च २०१७ मध्ये निवासी डॉक्टरांनी मारहाणीच्या निषेधार्थ 'मास लीव्ह' घेतली, तिला कोणी हसले नाही. इंग्रजीत म्हटले की रजासुद्धा भारदस्त होते.

सामूहिक रजेची ही पळवाटही आता बुजवली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच धरला जाणार. पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती असलेली चौदा दिवसांच्या नोटिशीची अट आता साऱ्या उद्योगांना लागू. म्हणजे पन्नास टक्के माणसे रजेवर गेली की संप, आणि शंभर टक्के माणसे बाहेर ठेवली तरी आपल्या पानावर पुन्हा संपच! या संहितेवर आपल्या पत्राने अर्थपुरवणीत गुंतवणूकदारांसाठी भले पानभर छापले. कामगारांसाठी चार ओळी? पूर्वी कामगार चळवळीची बातमी करणारा स्वतंत्र वार्ताहर असे, संघटनेच्या कचेरीत येऊन चहा पिई, फाटकावरची नोटीस उतरवून घेई. आता कंपनीच्या जनसंपर्क खात्याची मेल येते आणि तीच छापली जाते, असा माझा स्पष्ट आरोप आहे.

त्या कारखान्याचे फाटक हे पत्र लिहीपर्यंत उघडलेले नाही. आपला माणूस पाठवा, नोटिशीवर सही कोणाची आहे ते वाचायला सांगा आणि दुरुस्ती शीर्षकाएवढ्याच टायपात छापा.

– एक निवृत्त टाइमकीपर, ठाणे