कात्री कुणाकडे, कागद कुणाकडे?

मेसच्या ताटातला कांदा जाऊन मुळा आला की आपली होस्टेलची पोरं बोंब मारतात, "कांदा महागला रे!" आमच्या घरी चांदवड तालुक्यात मात्र त्याच बातमीवर आई गोड करते. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा पहिला धडा मला या दोन ताटांनी दिला.

गेल्या हिवाळ्यात एनएसएस कॅम्पला जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीच्या मुलांबरोबर एक खेळ खेळलो. मूळ खेळ ब्रिटनमधल्या ख्रिश्चन एड संस्थेचा, 'ट्रेडिंग गेम'. वर्गातले गट म्हणजे देश. एका गटाकडे कात्री, पट्टी, कंपास, पण कागद जेमतेम. दुसऱ्याकडे कागदांचा गठ्ठा, पण हत्यार एकही नाही. ठरल्या मापाचे गोल, त्रिकोण कापायचे आणि बँकेला विकायचे. वाटाघाटी चालतील, मारामारी नाही.

पाच मिनिटांत कागदवाले दहा कागद मोजून घटकाभर कात्री मागू लागले. बँकेत मी बसलो होतो. नियमाप्रमाणे मध्येच त्रिकोणाचा भाव निम्मा केला. एक मुलगी तरातरा आली, "सर, आम्ही कापून ठेवलेत ना! आधी सांगायचं होतं!"

मी गप्प. 8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा आमचे अण्णा अगदी हेच बोलले होते. लाल कांदा काढून पडलेला, आणि तो काही उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. बंदी आधी 31 मार्च 2024 पर्यंत सांगितली, मग वाढवली, उठली ती मे महिन्यात. बंदीमागे शहरातल्या ताटाची काळजी होती, हेही खरं. त्या ताटात जेवणारा मीही होतोच.

माझा रूम पार्टनर म्हणतो, "हा सगळा टाइमपास. त्यापेक्षा पोरांना गणित शिकवा." मला हे पटत नाही. फळ्यावर आयात-निर्यातीची व्याख्या लिहून त्या मुलीला राग आला नसता, आणि राग आल्याशिवाय प्रश्न पडत नाही.

पण दोन गोष्टी पाळाव्यात. एक, खेळ संपल्यावर निदान अर्धा तास बोलायचं. नाहीतर जिंकलेला गट समजतो, आपण हुशार म्हणून जिंकलो. कात्री सुरुवातीलाच हातात होती, हे तो सोयीस्कर विसरतो. दोन, गट बदलून पुन्हा खेळायचं. ज्याने कात्री भाड्याने दिली, त्याला ती मागायला लावायची.

खर्च म्हणाल तर शून्य. आपल्या जुन्या असाइनमेंटची रद्दी पुरेल! पुढच्या कॅम्पला सरांनी एक दुपार द्यावी आणि दोस्तांनो, तुम्हीही या. आपण इंजिनिअर म्हणजे उद्याचे कात्रीवाले. एकदा तरी नुसता कागद हातात घेऊन रांगेत उभं राहून बघा.