दुरुस्ती पाठवा, तगादा नको

मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना एक बारीकशी गोष्ट खटकली. दूरच्या संगणकावर लॉगइन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. मुळाशी गेल्यावर कळले, की ‘एक्सझेड युटिल्स’ या फाइलींचा आकार लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरवाट ठेवली आहे. बहुतेक लिनक्स सर्व्हरांपर्यंत ती पोहोचण्याआधीच रोखली गेली, हे नशीब.

हे सॉफ्टवेअर खुले आणि फुकट. लासे कॉलिन ते फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे टुमणे लावले: दुरुस्त्या स्वीकारायला इतका उशीर का? जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. आपल्याला दीर्घकाळ मानसिक आरोग्याचा त्रास आहे, हे कॉलिन यांनी प्रांजळपणे सांगितले. तरी टोचणी थांबली नाही. अखेर मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ या नावाला अधिकार मिळाले. चोरवाट ठेवली ती त्याच नावाने. तगादा लावणारेही त्याच कटातले असावेत, असा अनेक जाणकारांचा संशय आहे.

सुरक्षेची दुरुस्ती पाठवताना सभ्यता आणि संयम पाळा, असे म्हटले की ते शिष्टाचाराचे बोल वाटतात. प्रत्यक्षात तो सुरक्षेचाच भाग आहे. अनोळखी माणसाने पाठवलेली प्रत्येक ओळ तपासावी लागते आणि एकदा स्वीकारली की पुढची कित्येक वर्षे निस्तरावी लागते. दमलेल्या माणसाला घाई केली, तर तो तपासणे सोडून देतो.

म्हणून त्रुटी सापडली तर आधी खासगीत कळवावी. चव्हाट्यावर मांडली, तर चोरांनाच पत्ता मिळतो. दुरुस्ती छोटी, एकाच दोषापुरती असावी. दोष कसा घडवून पाहता येतो, हे सोबत लिहावे. उत्तर आले नाही, तर काही दिवसांनी एकदा नम्रपणे आठवण करावी. आणि ‘एआय’ने लिहून दिलेला, स्वतः न तपासलेला अहवाल तर मुळीच पाठवू नये.

मग वाट किती पाहायची? धोका वापरणाऱ्यांनाही असतोच, त्यामुळे संयमाला मुदत हवी. गूगलचा ‘प्रोजेक्ट झीरो’ गट साधारणपणे ९० दिवस देतो. मुदत आधीच सांगितली, तर ती धमकी वाटत नाही. त्रुटीचा गैरवापर सुरूच झाला असेल, तर मात्र दिवसही मोलाचा. तेही स्पष्ट सांगावे.

पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांची कितीतरी कामे अशाच फुकटच्या सॉफ्टवेअरवर उभी असतात. तिथल्या पगारदार अभियंत्याने बिनपगारी माणसाला ‘अजून झाले नाही का?’ असे विचारण्याआधी ‘मी काय तपासून देऊ?’ असे विचारावे. दुरुस्ती त्यानेच लवकर होईल.