बोटीचा फ्लोअर उघडा आहे तोवरच तपासा!

पावसाळ्यासाठी जलक्रीडा बंद आहेत. मालवण-तारकर्लीपासून दापोलीपर्यंत पर्यटकांना फिरवणाऱ्या फायबरच्या बोटी वर ओढून ठेवल्यात, आणि सध्या ताडपत्रीखाली ग्राइंडर चालू आहेत. ज्या बोटींचा फ्लोअर पायाखाली मऊ लागत होता, त्यांचा तो कापून नवा घालणं सुरू आहे. सप्टेंबरात येणाऱ्या पर्यटकाला यातलं काही दिसणार नाही. त्याला दिसेल ताजा रंग.

फायबर सडत नाही हे खरं. पण फ्लोअरच्या पोटात लाकूड असतं, आणि फ्लोअरखाली बोटीच्या लांबीभर ज्या आडण्या जातात, कारागीर ज्यांना स्ट्रिंगर म्हणतात, त्यांच्याही पोटात बहुतेक वेळा लाकूडच. लाटेवर आपटताना तळ वाकू नये, हे काम या स्ट्रिंगरचं. तेच आतून भुसा झाले तर लाइफ जॅकेटं कितीही नवी असोत, बोट कमकुवतच.

आता वाद चाललाय तो बाल्सावर. प्लायऐवजी बाल्सा घातला की सडतो, असं सर्रास म्हणतात. मला हे पटत नाही. साधा हिशेब बघा. चार चौरस मीटरचा १२ मिलिमीटर जाड फ्लोअर प्लायचा केला तर नुसतं लाकूडच साधारण ३० किलो, बाल्साचं सात-आठ किलो. शिवाय चांगल्या बाल्साच्या शीटमध्ये लाकडाचे रेषे उभे असतात, त्यामुळे पाणी आडवं फार पसरत नाही. प्लायचे थर आडवे, पाणी त्यातून लांबवर जातं. बाल्सा महाग आहे, हे मात्र मान्य. तो मुख्यतः इक्वेडोरहून येतो आणि पवनचक्कीच्या पात्यांनाही तोच लागतो.

सडवतं ते भोक. सीट बसवायला थेट फ्लोअरमध्ये स्क्रू मारला, की पाणी आत गेलंच. त्यासाठी भोक आधी मोठं पाडायचं, आजूबाजूचा बाल्सा खरवडून काढायचा, तिथे घट्ट इपॉक्सी भरायचं आणि ते सुकल्यावर त्यात नवं भोक पाडायचं. बोल्ट आवळायचे तिथे बाल्सा नकोच, तो दबतो. तिथे भरीव तुकडा हवा. स्ट्रिंगरची ताकद तर मुळात वरून गुंडाळलेल्या मॅटच्या थरांत असते, आतला गाभा आकार देण्यापुरता. म्हणून एक थर वाचवला की सगळं वाया. आणि फ्लोअर कापायच्या आधी बोटीला खालून नीट टेकू द्या, नाहीतर तळ वाकतो आणि तसाच कायम होतो.

अजून एक. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेलं पावसाचं पाणी लाकूड जास्त सडवतं. माडाखाली उघड्या ठेवलेल्या, तळाचं बूच न काढलेल्या बोटी आत्ता जाऊन बघा. डबकी झालीत.

खरी अडचण इथेच आहे. धंदा बंद असतो तेव्हाच दुरुस्ती होणार, आणि तेव्हाच हवा ओली. ओल्या लाकडावर रेझिन धरत नाही. बोटवाला काय करणार? सप्टेंबरचा हप्ता डोक्यावर असतो. तो ताडपत्री बांधतो, वर मॅट मारतो, रंग देतो. त्याला एकट्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पर्यटनाच्या नावाने सेल्फी पॉइंट आणि कमानी उभ्या राहतात, पण दहा बोटी कोरड्यात उभ्या राहतील अशी पत्र्याची एक शेड कुणाला सुचत नाही. तुमच्या बंदरावर अशी शेड असेल तर कमेंटमध्ये सांगा, मला आनंदच होईल.

दुसरी मागणी सर्व्हेची. साहेब येतात तेव्हा फ्लोअर बंद झालेला असतो, रंगलेला असतो. वर हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते कळेल, पण आतला जोड दिसणार नाही. म्हणून ज्या बोटीचा फ्लोअर किंवा स्ट्रिंगर बदललाय, तिचे काम उघडं असतानाचे तारखेसकट फोटो सर्व्हेच्या अर्जाला जोडणं सक्तीचं करावं. मोबाइल प्रत्येकाकडे आहे. यात बोटवाल्याला एक रुपयाचा खर्च नाही, उलट चांगलं काम करणाऱ्याला दाखवायला पुरावा मिळतो.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत या दोन्ही मागण्या लेखी द्या. अर्जाचा मसुदा मी करून ठेवतोय, हवा असेल त्यांनी मेसेज करा.