भाचीसाठी नाही, माझ्यासाठी

मोठ्या माणसाने मुलांची कादंबरी वाचली की आपल्याकडे सबब द्यावी लागते. भाचीसाठी घेतली, जुन्या आठवणी म्हणून चाळतोय, इंग्रजी सुधारतोय. मला यातली एकही द्यायची नाही. अमेरिकेतल्या आमच्या गावच्या लायब्ररीतून मी लिबी अ‍ॅपवर 'टॉम्स मिडनाइट गार्डन' घेतली आणि फोनवर वाचली, कारण ती उत्तम कादंबरी आहे.

फिलिपा पिअर्सचं हे पुस्तक १९५८चं. भावाला गोवर आला म्हणून टॉमला नातेवाइकांच्या फ्लॅटवर पाठवतात. रात्री घड्याळ तेरा ठोके देतं आणि मागच्या दाराबाहेर, दिवसा जिथे कचऱ्याचे डबे असतात तिथे, भलीमोठी बाग असते. बागेत हॅटी भेटते. टॉम आहे तेवढाच राहतो, हॅटी मात्र मोठी होत जाते आणि टॉम तिला हळूहळू पुसट दिसू लागतो. ती वाईट म्हणून नव्हे. तिचं लक्ष दुसरीकडे लागलेलं असतं म्हणून. दहाव्या वर्षी यात मला फक्त भुताटकी दिसली असती. होस्टेलच्या ग्रुपवर महिनोन्‌महिने कुणी काही लिहीत नाही, अशा वयात ते पान मला पुढे सरकवेना.

मराठीत ही सबब महाग पडते. इथे बालसाहित्याचं गिऱ्हाईक म्हणजे पालक. तो पुस्तक स्वतः वाचत नाही. मागचा मजकूर बघतो, 'संस्कार' सापडले की पैसे मोजतो. मग प्रकाशक बोधाच्या गोळ्या छापणार नाही तर काय करेल? भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर २०१७ साली सिनेमा आला तेव्हा हेच मोठे लोक स्वतःसाठी तिकीट काढून गेले. पुस्तकाचीच लाज का?

ई-बुकची उधारी काही निर्मळ नाही. फाइलची कॉपी करायला काहीच लागत नाही, तरी एक प्रत एका वेळी एकालाच, बाकीचे रांगेत. हार्परकॉलिन्सने तर २०११ मध्ये २६ वेळा दिल्यावर ई-बुकचा परवाना संपेल असा नियम आणला. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हे वाचून हसू येतं. पण रांग लांबली की लायब्ररी आणखी प्रती घेऊ शकते, आणि त्या रांगेत माझा नंबर नि पाचवीतल्या पोराचा नंबर सारख्याच वजनाचा असतो.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, गावोगावी अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. तिथेही मागणी बघूनच खरेदी व्हायला हवी. पुढच्या खेपेला बालविभागातलं पुस्तक काढाल तेव्हा ते स्वतःच्या नावावर काढा. आवडलं तर तसलंच आणखी मागवा, आणि ग्रंथपालांनी 'कितवीत आहे मुलगा?' विचारलं तर खरं वय सांगा.