मुळांनाही श्वास हवा

पावसाळ्यात तुळशीची पानं पिवळी पडली की आपण आणखी एक तांब्या पाणी घालतो! बऱ्याचदा तिची मुळं पाण्यानेच गुदमरलेली असतात. आधी बोट दोन इंच मातीत घालून पाहा. ओल लागली तर पाणी नको.

माती घट्ट चिखल झाली असेल तर कुंडी नव्याने भरा : 2 भाग माती, 1 भाग जाड वाळू, 1 भाग चांगलं कुजलेलं शेणखत. वाळू समुद्राची नको, तिच्यात मीठ असतं. काळी माती असेल तर वाळू थोडी जास्तच घ्या.

तळाला खडीचा थर मात्र देऊ नका; पाणी खडीत उतरण्याऐवजी वरच्या बारीक मातीत अडकून राहतं. भोकावर फुटक्या कुंडीची खापरी उपडी ठेवली की पुरे. आणि हो, कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका.