सोळा तासांचा प्रवास की पस्तीस तासांचा?

अकोल्याच्या एक निवृत्त शिक्षिका लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेल्या. ‘आई, मुंबईहून थेट विमान आहे, सोळा तासांत पोहोचशील,’ असे लेकीने सांगितले होते. पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांची डावी पोटरी सुजली. तपासणीत शिरेत रक्ताची गुठळी आढळली. वेळीच उपचार झाल्याने त्या सावरल्या. परंतु नातवाला मांडीवर घेण्याआधी त्यांनाच रुग्णालयात राहावे लागले.

लेकीचा हिशेब खोटा नव्हता, अपुरा होता. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर असून थेट विमानाला साधारण 15 ते 16 तास लागतात. परंतु शरीर प्रवास मोजते ते उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत. अकोल्याहून मुंबईपर्यंत रेल्वेचे सुमारे दहा तास, स्थानकावरील व विमानतळावरील प्रतीक्षा, उतरल्यावरच्या रांगा आणि पुढचा मोटारप्रवास धरता बाईंचे पस्तीस तास झाले होते. त्यातच वारंवार उठावे लागू नये म्हणून त्यांनी पाणी जेमतेम घोटभर घेतले होते.

चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास, मग तो विमानाचा असो वा बसचा, गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात नमूद आहे. निरोगी माणसात हा धोका मुळात अल्प असतो. उतारवय, स्थूलता, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वीची गुठळी यांमुळे तो वाढतो. शिवाय विमानातील हवा कोरडी व विरळ असते. चिखलदऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर बसून राहावे, तशीच ती स्थिती. हृदय वा फुप्फुसाचा विकार असणाऱ्यांनी म्हणूनच आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

16 एप्रिल 2025 पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. सुमारे 540 किलोमीटरचे हे हवाई अंतर पावणेदोन तासांत कापले जाते. अकोलेकरांनी बेलोऱ्यापर्यंतचे मोटारीचे सुमारे दोन तास त्यात मिळवावेत. विमानाचे वार आणि वेळ आधी पाहून घ्यावी. मार्ग कोणताही असो, ज्येष्ठांनी मुंबईत एक रात्र विसावा घेऊनच पुढे निघावे.

तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. त्यात कमीपणा नाही. शक्यतो मार्गिकेलगतचे आसन घ्यावे. दर तास-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, थोडे थोडे पाणी प्यावे. दाबमोजे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावेत. औषधे, इन्सुलिन व औषधचिठ्ठी हातातील पिशवीत ठेवावी. पोहोचेपर्यंत घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्यावे. भारतात सकाळचे आठ वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे साडेदहा झालेले असतात. नव्या वेळेनुसार गोळ्या व इन्सुलिन कसे घ्यायचे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकच पाय सुजला, दुखला, धाप लागली किंवा छातीत दुखले, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंगावर काढू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि परदेशातील लेकरांनो, आईवडिलांना बोलावताना विमानाचे तास सांगाल, तेव्हा घरापासूनचे तासही मोजा.