तारेवरची विद्या

आमच्या उच्चशिक्षणात हल्ली एक शब्द फार प्रतिष्ठा पावला आहे: 'अध्ययन निष्पत्ती'. काय शिकवले ते सांगू नका, विद्यार्थी काय शिकला ते सांगा, असा त्याचा मूळ अर्थ; आणि तो वाईट आहे असे कोण म्हणेल? पण चांगल्या शब्दाच्या आडोशाला उभे राहून भलताच माल खपवण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. इंटरनेट वर्गात आले की निष्पत्ती वाढते, असे इतक्या बिनदिक्कतपणे सांगण्यात येते की, पुरावा मागणाराच प्रतिगामी ठरावा. मी तो मागणार आहे. तीस वर्षे तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवल्यावर एवढा अधिकार मला असावा.

डांगोरा नवा नाही. चलच्चित्रांमुळे शाळांतली पुस्तके लवकरच कालबाह्य होणार, असे भाकीत एडिसनने 1913 सालीच केले होते. आपल्याकडे 1975 मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या खेड्यांत दूरदर्शन पोहोचले. 1984 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम त्यावर दिसू लागले. ती साधने टाकाऊ होती असे मी मुळीच म्हणत नाही. मात्र दर वेळी साधनाच्या गळ्यात गुरूची माळ घालण्याची आम्हांला घाई.

इंटरनेटच्या बाबतीत ही घाई 2011 साली झाली. स्टॅनफर्डच्या एका वर्गात सुमारे 1,60,000 जणांनी नावे घातली आणि जग दिपून गेले. अखेरपर्यंत किती टिकले? सुमारे 23,000. पुढे 2013 मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होझे विद्यापीठाने त्याच प्राध्यापकाच्या 'युडॅसिटी' या कंपनीबरोबर पायाभूत गणिताचा वर्ग चालवला. त्यात निम्म्याहून कितीतरी अधिक विद्यार्थी नापास झाले आणि जुलैत तो प्रयोग थांबवावा लागला. उन्हाळ्याच्या तुकडीचा निकाल सुधारला खरा. पण त्या तुकडीतल्या निम्म्याहून अधिक जणांकडे आधीचीच पदवी होती! ज्याला पोहता येते त्याला तलावात सोडून 'आम्ही पोहायला शिकवले' म्हणावे, तशातला हा प्रकार. हार्वर्ड आणि एमआयटीच्या वर्गांचा हिशेब 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 2017-18 साली नावे घातलेल्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे शंभरात जेमतेम तीन. लोक नुसते डोकावायला येतात, असे यावर समर्थक सांगतात. बरे, पैसे भरून आलेले घ्या. त्यांतलेही निम्म्याहून अधिक गळाले होते.

मग या साधनांनी काहीच होत नाही काय? होते. अमेरिकन शिक्षणखात्याने 2009 साली अनेक प्रयोगांची छाननी केली, तेव्हा वर्ग आणि इंटरनेट यांची सांगड घातलेले शिक्षण निव्वळ वर्गापेक्षा थोडे सरस आढळले. पण अशा वर्गांत विद्यार्थ्यांना बहुधा वेळही जादा मिळतो आणि साहित्यही, तेव्हा श्रेय माध्यमाला देऊ नका, असे त्याच अहवालाने बजावले होते. ही ओळ आमच्या परिसंवादांतून कधी वाचली जात नाही. रिचर्ड क्लार्क या अभ्यासकाने तर 1983 मध्येच सांगून ठेवले होते की, माध्यम ही केवळ मालगाडी. किराणा आणणाऱ्या गाडीने कोणाच्या अंगी रक्त भरत नाही.

रक्त कशाने भरते, याचाही पुरावा आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या अध्यापनावरील 225 अभ्यासांचा एकत्र विचार 2014 मध्ये झाला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात नापासांचे प्रमाण 33.8 टक्के, जिथे विद्यार्थ्याला वर्गातच उदाहरण सोडवावे लागते, शेजाऱ्याशी वाद घालावा लागतो, तिथे 21.8. याला तार लागत नाही. लागतो तो माणूस, आणि त्याच्यासमोर बेताची मुले. (आम्हां व्याख्यानबाजांनाही ही चपराकच आहे, हे ओघाने आलेच.)

आणि नेमका तोच माणूस आम्ही नाहीसा करीत आहो. 'स्वयम्'वरून मिळवायच्या श्रेयांकांची मर्यादा 2016 साली 20 टक्के होती. 2021 मध्ये ती 40 वर नेण्यात आली. त्याच काळात महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आणि तासिका तत्त्वावरचे तरुण तासागणिक मोबदल्यावर वर्ग ओढीत राहिले. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही, असे ज्याला वाटते त्याने खुशाल वाटून घ्यावे.

निष्पत्तीचे काय? माझ्या माहितीतल्या एका महाविद्यालयात ती मार्चअखेर तक्त्यात भरली जाते. गुणांना टक्केवारीने गुणायचे, रकाना हिरवा झाला की विद्यार्थी 'विश्लेषण' शिकला! त्याच महाविद्यालयातली मुलगी घरातल्या एकुलत्या मोबाइलवर, भाऊ परत येण्याच्या आत, इंग्रजी व्याख्यान दुप्पट वेगाने सरकवते. शेवटच्या प्रश्नांची उत्तरे मैत्रिणीकडून आलेली असतात. मागणीची लवचिकता तिला समजली की नाही, हे विचारणारे कोणी नाही. तक्ता मात्र हिरवा.

माझे मागणे साधे आहे. अशा प्रत्येक अभ्यासक्रमाच्या आरंभी विद्यार्थ्याची परीक्षा घ्या, अखेरीस पुन्हा घ्या, आणि दोन्हींचे आकडे छापा. किती जणांनी नावे घातली आणि किती गळाले, तेही छापा. दर तीस विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ, पगारी शिक्षक त्यांच्याच गावात नेमा. त्याने दर पंधरवड्यास त्यांच्या हस्ताक्षरातले दोन कागद तपासून, लाल शेरे मारून परत द्यावेत. मग तारेवरून 40 टक्के शिकवा की 60, माझी हरकत नाही.